परदेशातून : संशोधनासाठी मागितलेला पैसा

महाराष्ट्रात कर्करोगग्रस्तांच्या मदतीचा विषय निघाला की तो बहुतेक वेळा एका रुग्णाभोवती फिरतो. कुणाच्या तरी मुलाच्या मेंदूत गाठ निघालेली असते, शस्त्रक्रियेचा खर्च काही लाखांवर गेलेला असतो, व्हॉट्सअ‍ॅपवरून बँक खात्याचा क्रमांक गावोगावी पोहोचतो आणि गणेशोत्सव मंडळापासून शाळेतल्या जुन्या वर्गमित्रांपर्यंत सगळे यथाशक्ती पैसे पाठवतात. ही माणुसकी फार मोलाची आहे, आणि तिच्यातून एक रुपयाही कमी व्हावा असे मला वाटत नाही. मात्र मेंदूच्या गाठींवरील संशोधनासाठी निधी मागितला की जाणत्या माणसांकडूनही एक ठरलेले उत्तर येते : परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर रुग्ण झोपत असताना प्रयोगशाळेला पैसा कशाला, ते काम श्रीमंत देश करतीलच. ब्रिटनमधून या उत्तराकडे पाहताना ते मला पटत नाही.

ग्लायोब्लास्टोमा हा प्रौढांमधील मेंदूचा सर्वांत आक्रमक कर्करोग. त्यावर मुंबईत, पुण्यात किंवा नागपुरात आज जी गोळी दिली जाते, ती टेमोझोलोमाइड, बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या गटाने 1980च्या दशकात शोधली. त्या कामाला आधार दिला होता कॅन्सर रिसर्च कॅम्पेन या धर्मादाय संस्थेने, म्हणजे सामान्य लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेने. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत किरणोपचारांच्या जोडीला ही गोळी दिल्यावर दोन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण सुमारे 10 टक्क्यांवरून 26 टक्क्यांच्या वर गेले. पुढे भारतीय कंपन्यांनी ती स्वस्तात बनवली. इथल्या कुणी अनोळखी माणसाने दिलेल्या चार पौंडांचा वाटा आपल्या रुग्णांच्या वाढलेल्या महिन्यांत आहे. तेव्हा रुग्ण आणि प्रयोगशाळा यांत निवड करायची आहे असे मानणेच मुळात चूक आहे.

श्रीमंत देश हे काम करतीलच, हा भरवसाही इथले चित्र पाहून टिकत नाही. ब्रिटनमध्ये चाळिशीच्या आतल्या माणसांचे आणि मुलांचे जितके बळी मेंदूतील गाठी घेतात तितके दुसरा कोणताही कर्करोग घेत नाही. तरीही 2002पासून कर्करोग संशोधनावरील राष्ट्रीय खर्चापैकी सुमारे एकच टक्का या आजाराच्या वाट्याला आल्याचे येथील संघटना वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. रुग्ण तुलनेने थोडे, रक्त आणि मेंदू यांच्यामधला नैसर्गिक अडसर बहुतेक औषधे अडवणारा, आणि निरोगी पेशींत पसरलेली गाठ पूर्ण काढणे जवळजवळ अशक्य; त्यामुळे औषध कंपन्यांनाही येथे पैसा गुंतवण्याची घाई नसते. 2016 साली लाखाहून अधिक सह्या झालेल्या एका याचिकेमुळे संसदेला या प्रश्नावर चर्चा करावी लागली. जानेवारी 2018मध्ये माजी मंत्री टेसा जोवेल स्वतः ग्लायोब्लास्टोमाशी झुंजत असताना संसदेच्या लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात उभ्या राहून बोलल्या आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे निधन झाले. त्या वर्षी सरकारने चार कोटी पौंड जाहीर केले, पण त्यातला मोठा भाग पुढे कित्येक वर्षे संशोधकांपर्यंत पोहोचलाच नाही, कारण प्रयोगशाळा, ऊतींचे संग्रह आणि या विषयाला आयुष्य वाहणारे तरुण संशोधक पुरेशा संख्येने उभेच राहिलेले नव्हते. ही पायाभरणी एकदाच्या घोषणेने होत नाही. त्यासाठी दर महिन्याला येणारी छोटी देणगी लागते, आणि निधीसाठी ठरवलेल्या दिवशी टोप्या घालून, मॅरेथॉन धावून येथील रुग्णांचे नातेवाईक नेमकी तीच गोळा करतात.

जागृतीबद्दलही इथून शिकण्यासारखे आहे. 2011 साली सुरू झालेल्या ‘हेडस्मार्ट’ या मोहिमेने पालकांना आणि डॉक्टरांना मुलांमधील लक्षणे शिकवली : सकाळी वारंवार होणारी उलटी, न थांबणारी डोकेदुखी, चालताना जाणारा तोल, नव्याने आलेला तिरळेपणा, एका बाजूला झुकलेली मान. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत लागणारा सरासरी काळ, जो पूर्वी 14 आठवड्यांहून अधिक होता, तो काही वर्षांत सात आठवड्यांच्या आत आला. आपल्याकडे उलटीला पित्त म्हणतात, नजरेच्या तक्रारीवर चष्म्याचा नंबर बदलतात आणि फिट आली की कांदा हुंगवतात. त्यात गेलेले आठवडे पुढे कोणत्याही वर्गणीने भरून निघत नाहीत. अशा मोहिमेला खर्च फार लागत नाही. आशा सेविका आणि शाळेतील शिक्षक यांच्या हाती लक्षणांचा एक मराठी तक्ता दिला तरी सुरुवात होईल.

आणि संशोधन म्हणजे परदेशातच, हेही खरे नाही. टाटा मेमोरियलमध्ये मेंदूत कमी तीव्रतेच्या गाठी असलेल्या 200 मुलांवर आणि तरुणांवर चाचणी झाली. नेमक्या गाठीपुरते किरण दिल्यास बुद्धी आणि संप्रेरकांवरील दुष्परिणाम कमी होतात, हे तिच्यातून दिसले. निष्कर्ष 2017 साली जगासमोर आले. मूल वाचल्यावर ते शिकू शकेल का, हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर शोधण्याचे धैर्य परळने दाखवले. अशा चाचण्यांना दहा-दहा वर्षे रुग्णांचा मागोवा घ्यावा लागतो, आणि त्यासाठी लागणारा पैसा कुठल्याही तातडीच्या आवाहनातून उभा राहत नाही.

परदेशातील मराठी मंडळांना माझी विनंती आहे की दिवाळीच्या कार्यक्रमात एका रुग्णासाठी पेटी फिरवताना दुसरी पेटी संशोधनासाठी ठेवावी. ज्यांच्याकडे भारतीय पारपत्र आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या, म्हणजे ओसीआय कार्ड असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनी मात्र परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी झालेल्या संस्थेलाच पैसे पाठवावेत. आणि देताना हे पैसे मेंदूच्या गाठींवरील संशोधनासाठी आहेत असे लेखी नमूद करून त्यांचा हिशेब दर वर्षी मागावा.