‘गणित न येणाऱ्यांची पळवाट’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

गेममधील आग, धूर आणि स्फोट आधीच रेंडर करून (म्हणजे चित्रे तयार करून) ठेवावेत, की खेळ चालू असताना सूत्रांनी घडवावेत, या प्रश्नावर मागील लेखात मी पहिल्या पर्यायाच्या बाजूने कौल दिला होता. आपण त्यावर मेमरीचा हिशेब, पुनरावृत्ती आणि प्रकाश असे तीन आक्षेप घेतलेत आणि शेवटी लिहिलेत, “प्री-रेंडर्ड इफेक्ट ही गणित न येणाऱ्यांची पळवाट आहे.”

हिशेबातील चूक प्रथम मान्य करतो. 4096 × 4096 पिक्सेलच्या फ्लिपबुकला (इफेक्टच्या क्रमवार चौकटी एकत्र साठवलेल्या चित्राला), प्रति पिक्सेल एक बाइट धरून, मी 16 एमबी लिहिले होते. मिपमॅप, म्हणजे त्याच चित्राच्या लहान होत जाणाऱ्या प्रती, धरल्यास ते सुमारे 21 एमबी होतात. लेखात दुरुस्ती केली आहे. निष्कर्ष त्यामुळे बदलत नाही.

आता त्या वाक्याकडे वळतो, कारण ते मला लागले आहे. फ्लिपबुकमधील चौसष्ट चौकटींमागे द्रवगतिकीची समीकरणे सोडवणारे सिम्युलेशन असते, ज्यात जाळीची बारकाई प्रत्येक दिशेने दुप्पट केली की घरांची संख्या आठपट होते. गणित तेथेही आहेच. ते फक्त खेळाडूच्या यंत्रावर न करता आधी केलेले असते. सेकंदाला 60 फ्रेम द्यायच्या, तर एका फ्रेमसाठी जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात आणि त्यांतच बाकीचा सगळा खेळ बसवावा लागतो. धुराचे थर पडद्यावर एकमेकांवर आले की प्रोसिजरल शेडर (सूत्रांनी चित्र घडवणारा, ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्राम) प्रत्येक थरासाठी प्रत्येक पिक्सेलवर नॉइज, म्हणजे नैसर्गिक वाटणारा अनियमितपणा देणारे सूत्र, नव्याने मोजतो, तर फ्लिपबुकला शेजारच्या दोन चौकटी वाचून मिसळणे पुरते.

शिवाय ज्या नॉइजच्या आधारावर आपण ‘गणित’ आणि ‘पळवाट’ ही विभागणी करता, तो संगणकीय चित्रांचे संशोधक केन पर्लिन यांनी 1982 च्या ‘ट्रॉन’ चित्रपटावर काम केल्यानंतर, संगणकीय चित्रांतील यांत्रिक गुळगुळीतपणा खटकल्यामुळे शोधला आणि 1985 मध्ये शोधनिबंधातून मांडला. त्या काळी अशी चित्रे सावकाश, आधीच रेंडर होत. म्हणजे प्रोसिजरल तंत्राचा जन्मच आपण ज्याला पळवाट म्हणता त्या घरात झाला आहे, आणि माझ्या फ्लिपबुकमधील धुरालाही तोच नॉइज आकार देतो.

मी हे काम अकरा वर्षे करीत आहे. एका प्रकल्पात मी मशालीची ज्वाला संपूर्णपणे शेडरमध्ये लिहिली होती. त्यासाठी पाच आठवडे घातले. कलादिग्दर्शकांनी एवढेच सांगितले, की ज्वालेचे टोक फाटताना डावी जीभ जरा उशिरा विझू दे. मी एक आकडा बदलला की सगळी ज्वाला बदलत असे. ती एक जीभ काही माझ्या हाती आली नाही. अखेरीस तेच दृश्य सिम्युलेट करून, हवा तो क्षण निवडून, चार दिवसांत पूर्ण केले. ज्याने हे भोगले आहे त्याला गणित शिकवण्यापूर्वी आपण स्वतः किती इफेक्ट खेळाडूंपर्यंत पोहोचवलेत, हे सांगायला हवे होते. प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही.

उरलेल्या दोन आक्षेपांत नवीन काही नाही. पुनरावृत्ती लपवण्यासाठी चौकटी फिरवतात, उलटवतात, वेग बदलतात. प्रकाशासाठी, सहा दिशांनी उजेड पडल्यास धूर कसा दिसेल याची छायांकने साठवण्याची पद्धत रूढ आहे. भूप्रदेश आणि ग्रहतारे यांसाठी प्रोसिजरल मार्गच योग्य, हे मी ‘एलिट’चे उदाहरण देऊन लिहिले होते: 1984 चा तो गेम प्रत्येकी 256 ग्रहांच्या आठ आकाशगंगा सूत्रातून घडवत असे. तो परिच्छेद आपण वाचलेला दिसत नाही.

आपल्याकडे धुराचा शेडर असल्यास जरूर पाठवा. एकाच यंत्रावर, पडदा धुराने भरलेला असताना, तो आणि माझे फ्लिपबुक दोन्ही चालवून फ्रेमला लागणारा वेळ मी येथेच नोंदवीन.