खुर्चीवाले काका आणि माझा रिव्हर्स

काल संध्याकाळपासून माझं डोकं फिरलंय आणि त्याला कारण एक फोल्डिंगची खुर्ची आहे. म्हणजे खुर्चीत बसलेले काका.

आरव्ही, म्हणजे आत बेड-बेसिन-संडास असलेली घरासारखी गाडी, भाड्याने घेऊन पानांचे रंग बघत फिरायचं, सोबत कुत्रा, ही बायकोची आयडिया. कुत्रा म्हणजे बंड्या, 32 किलो. दिवसभर त्याने माझ्या मानेवर श्वास सोडला, दोनदा ओल्या पानांच्या ढिगात लोळला आणि नंतर बेडवर. जाऊ दे. खरी कहाणी कॅम्पग्राउंडवर पोचल्यावरची.

अंधार पडत आलेला, जागा अरुंद, गाडी रिव्हर्समध्ये घालायची, आणि मागच्या कॅमेऱ्यावर एक ओलं पान चिकटलेलं, म्हणजे स्क्रीनवर नुसतं लालभडक. बायको मागे उभी राहून "ये, ये, ये" करत होती, जे आपल्याकडे गाडी ठोकेपर्यंत करायची पद्धत आहे. तेवढ्यात शेजारच्या जागेतून आवाज आला.

"स्टिअरिंग खालून धर! शेपूट जिकडे न्यायचंय तिकडे हात ने!"

काका हातात मग घेऊन बसलेले. उठले नाहीत हं, बसूनच. आता हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे, पण मागे ट्रेलर जोडलेला असेल तर. माझी अख्खी एकच गाडी, तिला हे लावलं की मागची बाजू बरोब्बर उलटीकडे जाते. मी काच खाली करून म्हटलं, "काका, ही ट्रेलर नाहीये." तर म्हणतात, "तेच सांगतोय, ट्रेलर असता तर अजून अवघड होतं!" यावर काय बोलणार? वय बघून मी गप्प बसलो आणि, कबूल करतो, त्यांचं ऐकलं. गाडी थेट पिकनिकच्या टेबलाकडे निघाली.

परत पुढे घेतली तर मागच्या चाकांच्या मागे लोंबणारा भाग वळणाच्या उलट दिशेला झुलला आणि विजेचा खांब वीतभर अंतरावरून गेला. काका डावीकडे हात करत होते, बायको उजवीकडे, आणि बंड्या शेजारच्या सीटवर बसून आरशात बघत होता.

"बघ, कुत्रा बघतोय आरशात! तू बघतोस का?"

एवढ्यात बंड्याने पंजा हॉर्नवर ठेवला. लांबलचक पोंऽऽऽ. चार गाड्यांतून माणसं बाहेर आली. काका खूश, "त्याला हॉर्नचं तरी भान आहे!"

बावीस मिनिटं लागली. मोजली मी.

पानांचं म्हणे असं असतं की पिवळा रंग उन्हाळ्यातही पानात असतोच, फक्त हरितद्रव्याखाली दबलेला, थंडीत हिरवं ओसरलं की तो दिसतो. माझा वैताग अगदी तसाच आहे. काकांनी फक्त हिरवं काढलं.

रात्री ओल्या बंड्याला वाळवायला हेअर ड्रायर लावला. हीटर चालू होता, बायकोने पाणी तापवायचा गीझरही विजेवर लावलेला. 30 अँपिअरचं कनेक्शन, म्हणजे 120 व्होल्टने 3600 वॅट, आणि यातलं एकेक जण 1500च्या आसपास खाणारं. खट्. सगळा अंधार. बाहेरून टॉर्चचा झोत आणि ओळखीचा आवाज, "काय रे, ब्रेकर ना?"

पण आज सकाळी टाक्या रिकाम्या करायच्या होत्या तेव्हा हेच काका कुठे होते? आधी संडासाची टाकी, मग बेसिन-अंघोळीच्या पाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो, हे मला व्हिडिओ बघून कळलं, कोणी खुर्चीतून ओरडून सांगितलं नाही. आसपासच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या. पार्किंगला अख्खी पंचायत जमते, पाइप हातात घेतला की सगळ्यांना फिरायला जायचं असतं. आणि टाकी रिकामी झाल्यावरही पॅनेलवर 'दोन तृतीयांश भरली' दिसत होतं, कारण सेन्सरला आत कागद चिकटतो. त्या सेन्सरला कोणी सल्ला दिला नाही.

निघताना काका आले, चालत! खिशातून बिस्कीट काढलं, फक्त बंड्याला, आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "सांभाळ रे याला."

बंड्याने शेपटी हलवली. बायकोच्या मते ते बिस्किटासाठी होतं.