नोट्स स्कॅन केल्या म्हणजे कोर्स ऑनलाइन झाला का?

सर, कमेंटबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की वर्षानुवर्षं वापरलेल्या नोट्स आहेतच, त्या स्कॅन करून टाका, तासाला कॅमेरा लावा, झाला कोर्स. मॉड्यूल, क्विझ ही सगळी प्राध्यापकांच्या डोक्यावर वाढीव कामं, आणि खेड्यातल्या पोरांकडे तेवढा डेटाही नसतो. वाढीव काम आहे हे शंभर टक्के मान्य, त्याचे तास वर्कलोडमध्ये धरलेच पाहिजेत. पण स्कॅनचं मला अजिबात पटत नाही.

असं बघा, एफवायला अर्थशास्त्रात 'मागणीतील विचलन' आणि 'मागणीतील बदल' यात पोरं हमखास गोंधळतात. किंमत बदलली की त्याच मागणी वक्रावर वरखाली सरकायचं, उत्पन्न किंवा आवड बदलली की अख्खा वक्रच सरकतो. नोट्समध्ये दोन व्याख्या, दोन आकृत्या, संपलं. वर्गात मात्र तुम्ही चेहरे बघून परत फळ्याकडे वळता, 'कांदा महागला तर काय होईल, आणि पगार वाढला तर?' असं विचारता, कोणीतरी चुकीचं सांगतं आणि ते का चुकलं यावर दहा मिनिटं जातात. ती दहा मिनिटं कुठल्याच कागदावर नसतात, मग स्कॅनमध्ये येणार कुठून? रेकॉर्डिंगमध्ये येतील म्हणाल तर तिथं उत्तर भलतंच कोणी देत असतं, बघणाऱ्याला विचार करावाच लागत नाही.

म्हणून व्हिडीओ मध्येच थांबवून कांद्याचा प्रश्न टाकायचा आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाला वेगळं उत्तर लिहायचं. ज्याने 'वक्र डावीकडे सरकेल' निवडलं त्याला सांगायचं की बाबा, किंमत आधीच आलेखाच्या अक्षावर आहे, ती बदलली म्हणून वक्र जागा सोडत नाही. असे पर्याय तुमच्याइतके चांगले कोण लिहिणार? इतकी वर्षं पेपर तपासलेत, पोरं कुठं घसरतात ते तुम्हाला पाठ आहे.

आणि हे काही नवं फॅडही नाही. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ चं, त्यांच्या पुस्तकांत युनिटची उद्दिष्टं, मधेमधे स्वतःला तपासायचे प्रश्न हे पहिल्यापासून आहे, तेही छापील कागदावर. 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्स पोर्टलवरच्या कोर्सलाही व्हिडीओ, वाचनसाहित्य, स्व-मूल्यमापन आणि चर्चा असे चारही भाग लागतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनी एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करायची मुभा दिलीय, म्हणजे याचे क्रेडिट थेट पोरांच्या मार्कशीटवर जाणार, तिथं धूसर झेरॉक्सचे फोटो कसे चालतील?

डेटाचा मुद्दा तर स्कॅनच्याच विरोधात जातो. प्रत्येक पान फोटो असल्यामुळे फाइल जड होते, त्यात शब्द शोधता येत नाही, अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला त्या फोटोतून काही वाचता येत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेलं युनिट जुन्या मोबाइलवरही पटकन उघडतं. (जुन्या नोट्स श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथं बरंच बिघडतं.) व्हिडीओसोबत नुसता ऑडिओ आणि लिखित मजकूरही द्यायचा, म्हणजे ज्याला जे परवडेल ते तो घेईल.

अख्खा पेपर एकदम घेऊ नका सर. ज्या युनिटवर पोरं सगळ्यात जास्त मार्क घालवतात ते एकच घ्या, त्याचे पाचसहा प्रश्न लिहा आणि मला पाठवा, चुकीच्या पर्यायांची उत्तरं आपण मिळून लिहू.