शंभरपट ताकदीचा धागा आणि आपले यंत्रमाग

सोलापुरात यंत्रमागवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘अमेरिकेत माणसाच्या स्नायूपेक्षा शंभरपट ताकदीचा धागा तयार! वीज लागत नाही. स्पर्श समजतो. दोन वर्षांत मागावर माणूस दिसणार नाही.’ चादरीच्या कारखान्यात काम करणाऱ्यांनी हे वाचून धास्ती घेतली, म्हणून लिहितोय.

शंभरपट हे खरं आहे. २०१४ साली टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस इथल्या रे बॉगमन यांच्या गटानं मासेमारीची नायलॉनची दोरी आणि शिवणाचा धागा इतका पिळला की त्याची स्प्रिंग झाली, म्हणजे एक कृत्रिम स्नायूच. हा नायलॉन तापला की लांबीला आखडतो आणि जाडीला फुगतो; पिळामुळे आखडणं कितीतरी वाढतं. पण तुलना आहे तेवढ्याच लांबीच्या आणि तेवढ्याच वजनाच्या स्नायूशी. मेसेजमधून नेमकं हेच गळालं. शिवाय दिलेल्या उष्णतेतला जेमतेम शेकडा एखादा भाग कामी येतो, बाकी वाया. वीजबिल भरणाऱ्या मालकाला याचा अर्थ सांगायला नको.

‘वीज लागत नाही’ म्हणे. उष्णता तर लागते! दिवसा-रात्रीच्या तापमानातल्या फरकावर खिडकीची झडप उघडझाप करेल, तेवढं विजेशिवाय जमतं. आपण म्हणू तेव्हा हलायला हवा असेल तर तो तेव्हा तापवावा लागतो; त्यासाठी धाग्यावर चांदीचा मुलामा देऊन त्यातून वीज सोडतात. दुसऱ्या जातीचे रबरी स्नायू थेट विजेवर चालतात, पण त्यांना हजारो व्होल्ट लागतात.

आता मुख्य मुद्दा, मागाचा. साधा यंत्रमागसुद्धा मिनिटाला शंभरच्या आसपास आडवे धागे टाकतो. तापून आखडलेला धागा पुन्हा सैल व्हायला गार व्हावा लागतो. बारीक धागा गार पाण्यात ठेवला तर वेग वाढतो, हे खरं. पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली, बाहेर ४३ अंश असताना, तो दर फेऱ्याला गार कोण करणार? माग हलवायचं काम मोटर तक्रार न करता करते. २००५ साली अमेरिकेत सॅन दिएगोला दुसऱ्या जातीच्या कृत्रिम स्नायूंच्या तीन हातांची पंजा लढवायची स्पर्धा झाली होती. १७ वर्षांच्या शाळकरी मुलीनं तिन्ही हात पाडले. सगळ्यात चिवट हात टिकला २६ सेकंद. त्यानंतर पुष्कळ प्रगती झाली, पण धोटा (मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) फेकण्याइतकी नाही.

‘स्पर्श समजतो’ ही तर निव्वळ भाषेची करामत. मऊ पदार्थ ताणला की त्याचे विद्युत गुणधर्म बदलतात आणि तो बदल मोजता येतो, इतकंच. तापमानानंही तेच गुणधर्म बदलतात, त्यामुळे ताण किती आणि ऊन किती हे वेगळं काढावं लागतं. काही मागांवर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की त्यावर लटकलेली धातूची पट्टी पडते, सर्किट जुळतं, माग थांबतो. तोही सेन्सरच. त्याला समज आहे असं कुणी म्हणत नाही.

माणसं कमी होण्याची भीती खोटी नाही, पण तिचं कारण बाजारात केव्हाचं उभं आहे: बिनधोट्याचे रॅपियर माग. एक कामगार जास्त माग सांभाळतो, तिथं हात कमी होतात. बोलायचं तर त्यावर बोला.

मऊ यंत्रांचा उपयोग मला दुसरीकडे दिसतो. हवा भरली की वाकणारी सिलिकॉनची बोटं नाजूक वस्तू न दाबता उचलतात. जिल्ह्यातल्या डाळिंबाच्या पॅकिंग शेडमध्ये ती उद्या दिसली तर नवल नाही. अर्थात, त्यांना कॉम्प्रेसर लागेल, आणि कॉम्प्रेसरला वीज.