'दोनशे यार्डांनंतर गोळी आपोआप पडते' म्हणे!

रविवारी सकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात ओहायोतल्या कोलंबसहून भाच्याचा फोन. "आत्या, रायफल ठरली. .४५० बुशमास्टर, बोल्ट-ॲक्शन. आणि हरणाच्या मागे काय आहे हे बघायचं टेन्शनच नाही. स्ट्रेट-वॉलची गोळी दोनशे यार्डांनंतर आपोआप खाली पडते."

हे तुला कुणी सांगितलं, तर म्हणे ग्रुपवर आलंय.

संध्याकाळपर्यंत तो फॉरवर्ड मलाही तीन ठिकाणांहून आला. 'मिडवेस्टमधल्या मराठी शिकाऱ्यांसाठी खात्रीलायक माहिती', सात मुद्दे, लिहिणाऱ्याचं नाव नाही, शेवटी हात जोडलेले. मी ओहायोत बारा वर्षं हरणाची शिकार करते आहे. फॉरवर्ड सहसा न वाचता पुसते. हा पुसला नाही, कारण यातला पहिला मुद्दा एखाद्याचा जीव घेईल.

शिकारीशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं मागचं सांगते. ओहायोत अनेक वर्षं गन सीझनमध्ये, म्हणजे बंदुकीने शिकारीच्या हंगामात, व्हाइटटेल हरणावर साधी रायफल चालत नसे. मुख्यतः शॉटगन आणि तिची जाडजूड एकसंध गोळी, म्हणजे स्लग, नाहीतर तोंडाकडून ठासायची बंदूक. २०१४ पासून 'स्ट्रेट-वॉल' काडतुसांच्या रायफलींना परवानगी मिळाली. माझ्या जेवणाच्या टेबलावर आत्ता दोन काडतुसं उभी आहेत. एक .३०-०६. त्याची पितळी पुंगळी खाली रुंद, मग खांदा पाडून वर निमुळती मान, थेट औषधाच्या बाटलीसारखी. दुसरं .३५० लेजंड, शाळेतल्या खडूसारखं सरळ. सरळ पुंगळीत गोळीच्या जाडीच्या मानाने दारू कमी मावते, म्हणून वेग कमी. दीडशे ग्रेनची (म्हणजे साधारण दहा ग्रॅम वजनाची) गोळी .३०-०६ मधून सेकंदाला २,९०० फुटांच्या आसपास सुटते, .३५० लेजंडमधून २,३०० च्या. फरक एवढाच. २,३०० फूट म्हणजेही आवाजाच्या दुप्पट वेग झाला.

आता तो पहिला मुद्दा. फॉरवर्डमधलं वाक्य असं आहे: 'सरळ पुंगळीची गोळी २०० यार्डांनंतर शक्ती संपून पडते, म्हणूनच सरकारने परवानगी दिली. मागे घर वा रस्ता असला तरी चिंता नको.'

गुरुत्वाकर्षण पुंगळीचा आकार विचारत नाही. खांद्याच्या उंचीवरून नळी अगदी सपाट धरून बार काढलात, तर कुठलीही गोळी अर्ध्या सेकंदाच्या जरा पुढेमागे जमिनीला टेकते. .३५० लेजंड तेवढ्यात तीनशे यार्ड सहज ओलांडते. आणि शिकारीत नळी सपाट असते कुठे? हरीण बांधावर उभं असतं, चढावर असतं, आपण घाईत असतो. नळी दोन-चार अंश वर गेली की सगळा हिशेब पार बदलतो.

यावर पेनसिल्व्हेनियात एक नीट अभ्यास झालेला आहे. तिथल्या विधिमंडळाच्या अर्थसंकल्प समितीने २००७ मध्ये करवून घेतला. प्रश्न साधा होता: रायफलपेक्षा शॉटगन आणि ठासणीची बंदूक खरंच कमी धोक्याची आहे का? ३५ अंशात वर मारलेली .३०-०६ ची गोळी १४ हजार फुटांच्या जवळ गेली. शॉटगनची स्लग, जी 'जवळच पडते' म्हणून आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो, ती १० हजार फुटांच्या पुढे. म्हणजे तीन किलोमीटर. आणि नळी सपाट धरली तेव्हा तर उलटंच झालं. जमिनीवर आपटून उसळी घेतलेली स्लग रायफलच्या गोळीपेक्षा काही शे फूट जास्त लांब गेली. जड, बोथट, हळू गोळी मातीत रुतायच्या ऐवजी तळ्यावर मारलेल्या भाकरीसारखी टप्पे खात जाते.

त्या अभ्यासात .३५० लेजंड नव्हती, कबूल. असणार कशी, ती आलीच २०१९ मध्ये. पण जी स्लग सगळ्यांत सुरक्षित मानली जायची, तीच तीन किलोमीटर जात असेल, तर तिच्यापेक्षा वेगवान गोळी दोनशे यार्डांवर दमून बसते हे कुठल्या शास्त्रात बसतं?

ही दोनशेची गोष्ट आली कुठून, याचा मला अंदाज आहे. दुर्बीण शंभर यार्डांवर शून्य केली, म्हणजे तिथे नेम बरोबर बसेल अशी लावली, तर .३५० लेजंडची गोळी दोनशेवर साधारण वीतभर खाली लागते. 'दोनशेवर गोळी पडते' हे वाक्य रेंजवर रोज ऐकू येतं, आणि त्याचा अर्थ 'वीतभर खाली लागते' एवढाच असतो. कुणीतरी ते अर्धवट ऐकलं आणि गोळीची पाठ थेट जमिनीला टेकवली.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मका कापून झालेला, मी मचाणावर, उजाडून दहा मिनिटं झालेली. मोठा नर शेताच्या कडेच्या उंचवट्यावर आला आणि आडवा उभा राहिला. साठ यार्ड. यापेक्षा सोपा नेम नसतो. पण त्याच्या पाठीच्या वर फक्त आकाश दिसत होतं. त्या आकाशाखाली काउंटी रोड आहे हे मला ठाऊक होतं. मी बोट घोड्यावरून काढलं. मिनिटभराने त्याच रेषेत पिवळ्या स्कूल बसचं छप्पर सरकत गेलं. नर तोवर खाली उतरून निघूनही गेला. फॉरवर्डवाल्याच्या हिशेबाने मी बार काढायला हवा होता.

बाकीचे मुद्दे भरभर उरकते.

'.३५० हा आकडा ओहायोच्या किमान .३५७ पेक्षा लहान, म्हणून बेकायदा; .४५० च घ्या.' काडतुसाचं नाव म्हणजे गोळीचं माप नव्हे. .३५० लेजंडच्या गोळीचा प्रमाणित व्यास .३५७ इंच आहे आणि ती ओहायोत चालते. बारशाला ठेवलेलं नाव आणि शिंप्याने घेतलेलं माप यात घोळ घालू नये.

'.४५० बुशमास्टरने हरीण जागीच पडतं.' ताकद आहे, नाही म्हणत नाही. अडीचशे ग्रेनची गोळी, २,२०० फूट वेग, .३५० च्या जवळजवळ दीडपट ऊर्जा. पण तो झटका खांद्यालाही बसतो. मी एकदा शेजाऱ्याच्या हलक्या रायफलीतून पाच बार काढले. तिसऱ्यापासून घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागले आणि पाचवा कागदालाही लागला नाही. जो डोळे मिटून मारतो त्याच्या हरणाला पोटात गोळी लागते, आणि मग रात्री टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत फिरावं लागतं. नवख्याने .३५० घ्यावी, दहा वेळा रेंजवर जावं. आणि विकत घेण्याआधी दस्ता खांद्याला लावून बघावा. पाच फुटी बाईला किंवा बारीक मुलाला सहा फुटी माणसासाठी बनवलेला दस्ता लांबच पडतो. मी पहिल्या वर्षी हे पाहिलं नाही, मग कापून घ्यावा लागला.

'एक रायफल, पाचही राज्यांत चालते.' नाही चालत. ओहायोत .३५७ ते .५० मधली कुठलीही सरळ पुंगळी चालते. मिशिगनने दक्षिण भागासाठी २०१४ मध्ये नियम केला, त्यात पुंगळीची लांबीही मोजली: १.१६ ते १.८० इंच. आपली जुनी .४५-७० सरळच आहे, पण तिची पुंगळी दोन इंचांच्या वर, म्हणून त्या नियमातून बाद. इलिनॉयने २०२३ पासून परवानगी दिली ती फक्त एकबारी, म्हणजे एका वेळी एकच काडतूस मावणाऱ्या, रायफलींना. मॅगझीनवाली बोल्ट-ॲक्शन तशीच उचलून तिकडे नेलीत तर पंचाईत. दर राज्य दर वर्षी नियमांची पुस्तिका काढतं, फुकट मिळते. ती वाचा.

'बोल्ट-ॲक्शनला काडतुसांची मर्यादा नाही.' ओहायोत मॅगझीन आणि चेंबर मिळून तीन. पुढे चला.

'.३५० लेजंडमध्ये नाइन एमएम आणि .३५७ मॅग्नम दोन्ही चालतात.' बाबांनो, गोळीची जाडी जवळपास सारखी असली म्हणून काडतूस तेच होत नाही. नळीवर जे नाव कोरलं आहे तेच काडतूस आत जाईल, दुसरं काही नाही. यात सवलत नाही.

राहिला सातवा, आणि इथे मला थोडं गिळावं लागतं. 'एच-वन-बीवाल्यांनाही बंदूक घेता येते, फक्त हंटिंग लायसन्स काढा.' हे खरं आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक जवळ ठेवायलाच बंदी आहे, आणि वैध हंटिंग लायसन्स हा त्या बंदीला दिलेला अपवाद. दुकानात फॉर्म भरताना ते दाखवावंही लागतं. मात्र फॉरवर्डवाला पुढचं अर्धं गाळतो. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि कपाटात पडलेली रायफल त्या दिवसापासून गुन्हा ठरते. २०२२ पासून याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. व्हिसाचं काय होईल ते वेगळंच. 'मित्राची बंदूक नुसती धरली तर काय होतं' हे विचारणाऱ्यांनाही उत्तर तेच.

भाचा एच-वन-बीवरच आहे. पुढच्या शनिवारी त्याला रेंजवर घेऊन जाते आहे, .३५० आणि .४५० दोन्ही मारून बघ म्हटलं. त्याआधी लायसन्सवरच्या तारखेचा फोटो पाठव म्हटलं. तो अजून आलेला नाही.