मावशी, 24 नोव्हेंबरचा तो मेसेज पुढे पाठवू नकोस

दरवर्षी 24 नोव्हेंबरला तो उगवतोच. वर पिवळ्या जॅकेटमधला फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक (ही त्याची पुण्यतिथी), शेजारी मेणबत्ती आणि खाली 'रॉक संगीताच्या इतिहासात आजचा दिवस'. यंदा तो माझ्याकडे मावशीकडून आला. तिने क्वीनचं एक गाणं ऐकलेलं नाही. पण आम्ही सातारचे, आणि मेसेजची सुरुवातच 'आपल्या पाचगणीत जन्मलेला' अशी, त्यामुळे तिचा ऊर भरून आला होता. तेवढंच असतं तर एक अंगठा टाकून सोडून दिलं असतं. पण शेवटची ओळ वाचून डोकं फिरलं.

आधी बाकीचं उरकते.

पाचगणीत जन्म? नाही. फारोख बुलसारा, हे फ्रेडीचं खरं नाव, 5 सप्टेंबर 1946 ला आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर जन्मला. घराणं गुजरातचं पारशी, वडील तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत. पाचगणीला तो आठव्या वर्षी आला, सेंट पीटर्सच्या बोर्डिंगमध्ये. बरं, इथे मेसेजवाल्याला थोडं द्यावं लागेल: 'फ्रेडी' हे नाव शाळेतलंच, पियानोही तो इथेच शिकला, आणि 'हेक्टिक्स' नावाचा पहिला बँडही त्याने पोरांना जमवून इथेच काढला. म्हणजे पाचगणीने त्याला बरंच दिलं. पण जन्म नाही दिला.

'मृत्यू समोर दिसत असताना तो लाइव्ह एडमध्ये गायला.' हे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या 2018 च्या सिनेमातून उचललंय. लाइव्ह एड ही दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीची मोठी मैफल 13 जुलै 1985 ची, आणि फ्रेडीचा जोडीदार जिम हटनने लिहिल्याप्रमाणे एचआयव्हीचं निदान झालं 1987 मध्ये. सिनेमात गोष्ट रंगवायला तारखा सरकवतात, म्हणून आपणही सरकवायच्या?

'पार्थिव मुंबईच्या डुंगरवाडीत आणलं.' काहीही! डुंगरवाडी ही पारशांची अंत्यविधीची जागा, पण त्याचे अंत्यसंस्कार लंडनमध्ये झाले. पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या आणि दहन झालं. आणि रॉकचा इतिहासच सांगायचा तर त्याच दिवशी, 24 नोव्हेंबर 1991 ला, 'किस' बँडचा ड्रमर एरिक कार कर्करोगाने गेला, वय 41. त्याला एक ओळसुद्धा नाही.

आता ती शेवटची ओळ. 'त्याने रोग लपवला आणि घरातल्या सगळ्यांना लावला. अशा माणसांच्या घरचं पाणीही पिऊ नये.' खाली मावशीचा प्रश्न: "आपल्या डब्याच्या काकूंचा नवरा त्यानेच गेला म्हणतात. डबा बंद करू का गं?"

ज्याने हे लिहिलं त्याला त्या काकूंसमोर उभं करावंसं वाटलं.

'लपवला' हे अर्धं खरं. पण का, ते त्यानेच सांगून ठेवलंय. 23 नोव्हेंबर 1991 ला त्याचं निवेदन प्रसिद्ध झालं. त्यात त्याने एचआयव्हीची चाचणी पॉझिटिव्ह असल्याचं आणि एड्स झाल्याचं स्पष्ट मान्य केलं. आजवर ही गोष्ट खाजगी ठेवली ती आपल्या आसपासच्या माणसांचं खाजगीपण जपण्यासाठी, असं म्हटलं. आणि या रोगाशी लढणाऱ्यांना सगळ्यांनी साथ द्यावी अशी आशा व्यक्त केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केन्सिंग्टनच्या घरी तो गेला, वय 45. मरायच्या आदल्या दिवशी माणूस साथ द्या म्हणतो, आणि त्याच्याच पुण्यतिथीला आपण पाणी पिऊ नका म्हणून मेसेज फिरवतो.

'सगळ्यांना लावला' हे तर शुद्ध खोटं. जिम हटनलाही एचआयव्ही होता, पण तो जोडीदार होता, एका ग्लासातून पाणी प्यायलेला पाहुणा नव्हे. आणि नंतर आलेल्या औषधांवर तो 2010 पर्यंत जगला, गेला तो कर्करोगाने. फ्रेडीच्या नशिबात ती औषधं नव्हती. अनेक औषधं एकत्र देण्याचा प्रभावी उपचार 1996 च्या सुमाराला आला, पाच वर्षं उशिरा. आपल्याकडे सरकारी केंद्रांत हे उपचार 2004 पासून फुकट मिळतात. नियमित गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की लैंगिक संबंधांतूनही तो जोडीदाराला लागत नाही. मग आमटीतून कुठून लागणार? असुरक्षित संबंध, बाधित रक्त, वापरलेली सुई, आईकडून बाळाला, एवढ्याच त्याच्या वाटा. ताट, पाणी, डास, मिठी यांतून तो जात नाही.

आणि काकूंच्या नवऱ्याचं 'म्हणतात' कोण? 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने विश्वासाने सांगितलेली कुणाची अशी माहिती संमतीशिवाय उघड करायला बंदी आहे, कोर्टाचा आदेश वगैरे मोजके अपवाद सोडले तर. सोसायटीच्या कट्ट्याचा त्या अपवादांत समावेश नाही. शिवाय डबा काकू करतात, त्यांचा नवरा कशाने गेला याचा पोळ्यांशी काय संबंध?

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बरं, डबा चालू ठेवते. पण पाचगणीचं खरं ना?"

शाळेचं खरं गं, म्हटलं.