खर्रा चघळून लाळग्रंथी 'पक्क्या' होत नाहीत

गावच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: 'बारा वर्षांपर्यंत मुलांच्या लाळग्रंथी कच्च्या असतात. थोडा खर्रा चघळू दिला की त्या पक्क्या होतात, लाळ वाढते, पचन सुधारते, थुंकीवाटे विष निघून जाते. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे.' खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला. एरवी असले मेसेज मी उघडतही नाही. पण हा माझ्या ताईने पाठवला आणि खाली विचारलं, 'पोराला थोडासा चालते म्हणते, खरं आहे काय रे?' भाचा सातवीत आहे.

आधी ते 'कच्च्या'चं बघू. मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या: कानापुढची, जबड्याखालची, जिभेखालची. कानापुढची म्हणजे गालफुगीत सुजते ती. आईच्या पोटात सहाव्या आठवड्यातच तिचा कोंब तोंडाच्या आतल्या अस्तरातून फुटतो, मागोमाग जबड्याखालचीचा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास जिभेखालचीचा. कोंबाला फाटे फुटत जातात, फाटे आतून पोकळ होऊन नळ्या बनतात आणि टोकांना लाळ करणाऱ्या पेशींचे पुंजके धरतात, कडुलिंबाच्या डहाळीला निंबोळ्या लागाव्या तसे. बाळ जन्मतं तेव्हा तिन्ही जोड्या तयार असतात. पुढे शरीरासोबत त्या आपोआप मोठ्या होतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लाळेनं झबलं भिजवणाऱ्या लेकराला कोणत्या पानठेल्यावर नेलं होतं?

घरीच पाहा. पोराला तोंड उघडायला लावा, गाल थोडा बाहेर ओढा. वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर गालाच्या आत बारीकसा उंचवटा दिसेल. कानापुढच्या ग्रंथीची नळी तिथे उघडते. जिभेवर लिंबाचा थेंब टाका, तिथून लाळ येताना दिसते.

खर्र्यानं लाळ सुटते, हे मात्र खरं. कबूल करावंच लागेल. काहीही चघळलं तरी ती सुटते, त्यात सुपारीतलं अ‍ॅरेकोलीन ग्रंथींना जास्तच चाळवतं. पण खर्रा खाणारा ती लाळ गिळतो कुठे? पचनाला मदत करायची ती लाळ भिंतीवर जाते. लाळेतलं विकर पिष्टाचं साखरेत रूपांतर करू लागतं, त्यासाठी भाकर नीट चावून खाल्ली की झालं.

विषाचं तर काही बोलायलाच नको. विष काढायचं काम यकृताचं आणि मूत्रपिंडाचं. रोज अर्धा ते दीड लिटर लाळ बनते आणि जवळपास सगळी आपण गिळतो. ती विष असती तर एवढ्यात कोणी उरलं नसतं.

आणि 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं'? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये छापलेल्या अहवालात म्हटलंय की नुसती सुपारीसुद्धा माणसाला कॅन्सर करते. तंबाखू त्या यादीत आधीपासून आहे. खर्र्यात दोन्ही घोटलेले असतात, वर चुना. सुपारीनं गालाच्या आतलं मऊ अस्तर कडक होत जातं. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील तर लगेच डॉक्टरांना दाखवा. एकदा असं आखडलेलं तोंड खर्रा सोडला तरी सहसा पहिल्यासारखं उघडत नाही.

ताई, पोराला चिमूटभरही नाही. आणि मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना हेही सांग: बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे लहान मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. देणारा घरचा असला तरी.